ऑफिसला सायकलने : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात 'रोजच्या जाण्यायेण्याची सायकल' या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रं पुण्याची आहेत, त्यामुळे रस्त्यांची उदाहरणंही पुण्याचीच घेतली आहेत. टायर, चेन आणि गिअर मात्र नाशकात नि नागपुरातही असेच वागतात. सायकलने महिन्यात किती वजन उतरेल हे विचारणाऱ्यांना इथे उत्तर मिळणार नाही.

प्रश्न : कोथरूडहून शिवाजीनगरला जायचं आहे, साधारण सात किलोमीटर. दुकानदार पुढेमागे सस्पेन्शन, जाड टायर आणि २१ गिअर असलेली सायकल घ्या म्हणतो. खड्ड्यांना तीच बरी, असं त्याचं म्हणणं. घ्यावी का?

घेऊ नका. दहा-पंधरा हजारांच्या सायकलीतलं मागचं सस्पेन्शन म्हणजे एक जड स्प्रिंग असते. तुम्ही पायडल मारलं की ती दबते आणि तुमचा जोर चाकाऐवजी तिच्यात जातो. शिवाय सायकलचं वजन सतरा-अठरा किलोंवर पोचतं. शहरातल्या खड्ड्याचा धक्का झेलायचं काम टायरमधली हवा चांगलं करते, फक्त टायर पुरेसा रुंद हवा. ७००सी (२६ इंचीपेक्षा थोड्या मोठ्या) चाकाला ३५ ते ४० मिलिमीटर किंवा २६ इंची चाकाला १.७५ इंच रुंदीचा, कमी नक्षीचा टायर घ्या. मोठ्या गोट्यांचा टायर डांबरावर घरघरतो आणि दमवतो.

पुढचं चाक धरणारा फोर्क साधा, सस्पेन्शनशिवायचा असला तरी चालेल. रिम ॲल्युमिनियमची हवी. जुन्या काळ्या सायकलच्या पोलादी रिमवर पावसात ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत. एरवी ती सायकल वाईट नाही. तिच्या बंद चेनकव्हरसारखी सोय आज दुप्पट किमतीतही मिळत नाही. डिस्क ब्रेक पावसात अधिक भरवशाचे, पण त्यांची ॲलाइनमेंट जमणारा मेकॅनिक गल्लीत असेलच असं नाही. रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे व्ही-ब्रेक कुणालाही जमतात.

गिअर किती यापेक्षा सर्वांत हलका गिअर केवढा, हे पाहा. पुढचं लहान चक्र २८ ते ३४ दात्यांचं आणि मागचं मोठं चक्र २८ किंवा अधिक दात्यांचं असेल, तर सेनापती बापट रस्त्याचा चढ बसून चढता येतो. तुमच्या सपाट मार्गाला मागे सात गिअर पुरेत.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी तपासा. सायकलची आडवी दांडी दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही पावलं जमिनीला टेकून उभं राहिल्यावर दांडी आणि शरीर यांच्यात तीन-चार बोटं जागा राहिली पाहिजे. आणि मागच्या चाकाच्या आसाजवळ, तसंच सीटखालच्या दांड्यांवर, कॅरिअर आणि मडगार्ड बसवायची स्क्रूची भोकं असली पाहिजेत. ही भोकं नसलेली सायकल दिसायला देखणी असते आणि जूनमध्ये पाठीवर चिखलाचा पट्टा काढते. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, पंप आणि मडगार्ड यांसाठी तीन-चार हजार बाजूला ठेवून मगच सायकलचं बजेट ठरवा.

प्रश्न : कर्वे रस्त्यावर मी अगदी कडेला चिकटून चालवतो, तरी मागून बस आली की हात थरथरतात. फुटपाथवरून चालवली तर?

फुटपाथ पायी चालणाऱ्यांचा आहे. आणि तुमची अडचण कडेला चिकटण्यातूनच आलेली आहे. कडेला काय काय असतं ते आठवा: खाली-वर बसवलेली चेंबरची झाकणं, साचलेली वाळू, डांबराच्या थराची तुटकी किनार, उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार आणि उभ्या मोटारी. मोटारीचं दार उघडलं की जवळजवळ मीटरभर बाहेर येतं, आणि आतला माणूस आरसा पाहीलच याची खात्री नाही. उभ्या गाड्यांपासून पूर्ण एक मीटर अंतर ठेवा. म्हणजे साधारणपणे चालत्या मोटारीचं डावं चाक जिथून जातं, तिथून तुमची सायकल जाईल. मागच्या चालकाला तिथे तुम्ही लांबून दिसता आणि तो ठरवून बाजूने जातो. कडेला असलात तर तो ठरवत नाही, घासून जातो.

दोन उभ्या गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली की आत शिरायचं आणि पुढची गाडी आली की बाहेर यायचं, ही सवय सर्वांत धोक्याची. बाहेर येताना दर वेळी तुम्ही मागच्याला नव्याने आडवे येता. सरळ रेषेत चालवा. बाजू बदलायची असेल तर आधी उजव्या खांद्यावरून मागे बघा, मग हात दाखवा, मग वळा. मागे बघताना सायकल उजवीकडे ओढली जाते. रिकाम्या मैदानात डाव्या हातावर थोडा भार ठेवून ती सरळ ठेवायचा सराव करा.

बस थांब्यावर उभी असेल तर तिच्या डावीकडून कधीही जाऊ नका, प्रवासी तिथेच उतरतात. मागे थांबा. सिग्नलला ट्रक किंवा बसच्या डाव्या कुशीत उभं राहणं त्याहून वाईट. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या बरंच आतून जातं आणि सायकलस्वार त्या कात्रीत सापडतो. चालकाच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. अशा वेळी गाडीच्या पूर्ण मागे थांबा.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर दोन टप्प्यांत वळा. हिरव्या सिग्नलला सरळ पलीकडे जा, डाव्या कोपऱ्यावर थांबा, सायकल फिरवा आणि त्या रस्त्याचा सिग्नल सुटला की निघा. अर्धा-एक मिनिट जास्त जातं, पण चार रांगा तिरक्या कापाव्या लागत नाहीत. उड्डाणपुलावर चढू नका. नळस्टॉपच्या पुलावरही नको, खालूनच जा. पुलावर वाहनांचा वेग अचानक वाढतो आणि बाजूला व्हायला जागाच नसते.

खरा फरक मार्गाने पडतो. मोटारचा रस्ता तोच सायकलचा रस्ता असायला हवा असं नाही. तुम्ही नळस्टॉपला विधी महाविद्यालय रस्त्याला वळलात आणि प्रभात रस्ता किंवा भांडारकर रस्त्याच्या गल्ल्यांतून गेलात, तर कर्वे रस्त्याचा सर्वांत गर्दीचा भाग टळतो आणि सावलीही मिळते. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता दोन्ही एकेरी आहेत. शंभर मीटरसाठी उलटं जायचा मोह झाला तर उतरून सायकल हातात धरून फुटपाथवरून चाला. बाजूच्या गल्लीतून डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे बघतो. तुम्ही डावीकडून येताय हे त्याच्या ध्यानीमनी नसतं. रविवारी सकाळी मार्ग एकदा रमतगमत पाहून या आणि पहिला महिना घरून नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी निघा. गर्दीत शहरातला सरासरी वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर धरावा, म्हणजे सात किलोमीटर पस्तीस मिनिटांत होतात. इअरफोन दोन्ही कानांतून काढा.

प्रश्न : तीन आठवडे झाले आणि गुडघे पुढच्या बाजूने दुखू लागले. सिग्नलला थांबून निघताना गिअरही कर्रकर्र करतात. वय ४६. सायकल सोडावी का?

आधी सीट वर घ्या. नव्याने सायकल चालवणारे जवळजवळ सगळे जण सीटवर बसून दोन्ही पावलं जमिनीला टेकतील एवढी ती खाली ठेवतात. तशी सीट ठेवली की दर फेरीला गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. थांबताना सीटवरून पुढे सरकून दांडी दोन पायांमध्ये घेऊन उभं राहायचं असतं, सीटवर बसून नाही.

मोजायची रीत अशी. भिंतीला हात लावून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. पाय गुडघ्यात अगदी सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. मग चवड्याने पायडल मारलं की गुडघ्यात हवा तेवढा थोडा बाक राहतो. सीटचा नट बहुधा ५ मिलिमीटरच्या ॲलन-कीने सुटतो. एका वेळी पाच मिलिमीटरच वर घ्या, दोन दिवस चालवा, मग पुढचे पाच. सीटच्या नळीवर कमाल उंचीची खूण कोरलेली असते. ती खूण फ्रेमबाहेर दिसली तर नळी किंवा फ्रेम तुटू शकते. सीट वर गेल्यावर दुखणं गुडघ्याच्या मागे सरकलं तर ती जास्त वर गेली आहे, असं समजा. हाताला मुंग्या येत असतील तर हँडल खाली किंवा लांब आहे. मांड्यांच्या मधला भाग बधिर होत असेल तर सीटचं नाक वर झालं आहे, ते जमिनीला समांतर करा.

दुसरं कारण जड गिअर. सावकाश आणि जोर लावून चालवणं गुडघ्यांना महागात पडतं. पंधरा सेकंद उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. सतरा ते वीस हवा. बारा-तेरा येत असेल तर गिअर हलका करा, मग पाय हवेत फिरतात असं वाटलं तरी चालेल. चार-पाच दिवसांत ते वाटणं जातं.

कर्रकर्र होतं कारण चेन फिरत असतानाच गिअर बदलतो. जड गिअरवर थांबलात तर निघताना जोर आणि गिअरबदल एकाच वेळी होतात. सिग्नल लाल दिसला की थांबायच्या आधीच, पायडल हलकं मारत, दोन-तीन गिअर उतरवा. पुढचं मोठं आणि मागचं मोठं, किंवा पुढचं लहान आणि मागचं लहान अशी जोडी वापरू नका. चेन तिरकी घासते. हे सांभाळूनही चेन मागच्या मोठ्या चक्रावर जायला कांकू करत असेल, तर नवी केबल ताणून सैल झाली आहे. मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागावर) केबल जिथे शिरते तिथली गोल चावी पाव फेरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून पाहा, गरज पडल्यास आणखी पाव. पहिल्या महिन्याअखेर दुकानात सर्व्हिसिंग करून घेणं म्हणूनच गरजेचं असतं.

सीट आणि गिअर नीट करून पंधरा दिवसांत दुखणं कमी झालं नाही, किंवा गुडघा सुजला, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : घाम येतो. ऑफिसात अंघोळीची सोय नाही.

पाठीवरची सॅक कॅरिअरवर टाका, अर्धा घाम तिचाच असतो. शेवटची दहा मिनिटं हलक्या गिअरवर सावकाश चालवा आणि पोचल्यावर लगेच कपडे बदलू नका. दहा मिनिटं पंख्याखाली बसा, मग ओल्या पंच्याने अंग पुसून बदला. सुती बनियन ओलं राहतं, पॉलिस्टरचा खेळाचा टी-शर्ट लवकर वाळतो. शर्ट-पँट सोमवारी तीन-चार नेऊन ठेवा, रोज घडी मोडायची गरज नाही.

प्रश्न : महिन्यात चार पंक्चर, तेही मागच्याच चाकाला. टायर बदलू का?

आधी ट्यूबवरचं भोक वाचा. शेजारी शेजारी दोन समांतर चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिम नि टायरच्या मध्ये चिमटली. भोक ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकून तारेच्या नटाचं टोक टोचतं आहे, पट्टी बदला. वॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर पंप मारताना वॉल्व्ह हलतो आहे, त्यावर पॅच बसत नाही, ट्यूबच बदला. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक आणि तेही दर वेळी जवळपास त्याच जागी असेल, तर काटा अजून टायरमध्येच आहे. चार पंक्चरांमागे हेच कारण निघण्याची शक्यता मोठी.

काटा शोधायला टायर आतून कापसाच्या बोळ्याने पुसा. बोट फिरवू नका. ट्रकच्या झिजलेल्या टायरमधून पडलेली केसासारखी तार बोटाला लागते पण डोळ्यांना दिसत नाही. कापूस तिच्यात अडकतो. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी वॉल्व्हसमोर आणा, म्हणजे ट्यूबवर भोक सापडलं की टायरवर त्याची जागा लगेच कळते.

पंक्चर घरी काढा, रस्त्यावर फक्त ट्यूब बदला. त्यासाठी जवळ लागतात एक जास्तीची ट्यूब, टायर रिमवरून उचकटायचे दोन प्लॅस्टिकचे टायर लिव्हर, छोटा पंप आणि चाक नटाचं असेल तर १५ नंबरचा पाना. मागचं चाक काढण्याआधी चेन सर्वांत लहान चक्रावर आणा. नव्या ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा भरून ती टायरमध्ये घाला आणि टायरची शेवटची कड अंगठ्याने बसवा. तिथे लिव्हर वापरला की नवी ट्यूब चिमटते.

पॅच न टिकण्याचं कारण बहुतेकदा घाई. भोकाभोवती पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेवर पॉलिश पेपर घासा, चकाकी गेली पाहिजे. सोल्युशनचा पातळ थर लावा आणि तीन ते पाच मिनिटं थांबा. ओलसर चमक जाऊन चिकटपणा उरला की मगच पॅच ठेवून जोराने दाबा. ओल्या सोल्युशनवर ठेवलेला पॅच दोन दिवसांत सुटतो.

हवेचा दाब टायरच्या बाजूवर छापलेला असतो. सत्तर किलोच्या माणसाला ७००×३५ टायरमध्ये मागे साठ आणि पुढे पन्नास पीएसआयच्या आसपास ठीक. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून हवाही जास्त. ट्यूबमधून हवा आपोआप झिरपते, त्यामुळे आठवड्यातून एकदा भराच. पेट्रोल पंपावर भरायची असेल तर जपून: तिथला दाब सायकलच्या छोट्या ट्यूबला क्षणात फोडू शकतो, आणि पातळ, वर पितळी स्क्रू असलेल्या प्रेस्टा वॉल्व्हला तो पाइप बसतही नाही.

प्रश्न : पावसाळ्यात सायकल बंद ठेवावी का? गेल्या वर्षी चेन गंजली आणि ब्रेक किंचाळायचे.

बंद ठेवायची गरज नाही, पण रोज पाच मिनिटं द्यावी लागतात. घरी आल्यावर चेन फडक्यात धरून पायडल उलटं फिरवा, पाणी आणि काळी माती निघते. आठवड्यातून दोनदा चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब चेन ऑइल सोडा, दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल माती धरतं आणि ती माती चेन खाते. गाडीचं वापरलेलं इंजिन ऑइल आणि खोबरेल तेल दोन्ही नको. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला चांगलं, पण चेनवर तेलाचं काम करत नाही.

चेन झिजली का हे पट्टीने कळतं. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश पुढे गेली असेल तर फ्रीव्हीलही, म्हणजे मागच्या चक्रांचा संचही, गेला समजा.

ब्रेक किंचाळतात ते रबराच्या मागच्या कडेने रिमला आधी स्पर्श केला की. रबराची पुढची कड आधी टेकेल, मागे एक मिलिमीटर फट राहील, असं ते बसवा. रबरात रुतलेले चकाकते कण टाचणीने काढा, ते रिम कुरतडतात. ओल्या रिमवर पहिले एक-दोन फेरे ब्रेक धरत नाही, त्यामुळे नेहमीच्या दुप्पट अंतरावरून हलकेच दाबायला सुरुवात करा.

झेब्रा पट्टे, चेंबरची झाकणं आणि मेट्रोच्या कामाजवळच्या लोखंडी प्लेटा ओल्या असताना त्यांच्यावर ब्रेक नाही, वळण नाही. सरळ, पायडल थांबवून पार व्हा. साचलेल्या पाण्याखाली काय आहे हे माहीत नसेल तर त्यातून जाऊ नका. रेनकोट दोन भागांचा घ्या, पोंचो हँडलमध्ये आणि चाकात अडकतो. टोपी हेल्मेटच्या आत, पुढे चोच असलेली. रेनकोटचं हूड मागे बघताना डोळ्यांवर येतं. मागचा दिवा रेनकोटच्या शेपटाखाली झाकला जात नाही ना, ते एकदा दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. आणि खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल पाण्याखाली जातात, तेव्हा पर्यायी मार्ग आधीच ठरलेला असू द्या.

प्रश्न : ओढणी आणि सलवार. उपाय?

ओढणी पिशवीत. सलवारीच्या उजव्या पायाला घोट्याजवळ वेल्क्रोची पट्टी, चमकणारी मिळाली तर उत्तम. पाय वर-खाली होत असल्याने ती रात्री लांबून दिसते. आडवी दांडी खाली असलेली फ्रेम आणि पूर्ण चेनकव्हर घेतलंत तर कुर्ता-साडीचाही प्रश्न उरत नाही.

प्रश्न : सोसायटीतून सायकल चोरीला गेली. केबलचं कुलूप होतं.

बारीक केबल कटरने काही सेकंदांत तुटते. यू-आकाराचं पोलादी कुलूप घ्या आणि फ्रेम व मागचं चाक एकत्र, जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबाला बांधा. नुसतं पुढचं चाक बांधलं तर चाक तिथेच उरतं. चाक हाताने खिटी फिरवून सुटणारं असेल तर दुसरं केबल-कुलूप त्याच्यासाठी. दिवे आणि पंप काढून न्या. फ्रेमचा नंबर पायडलच्या आसाखाली कोरलेला असतो. त्याचा आणि बिलाचा फोटो फोनमध्ये नसेल तर पोलिसांना सापडलेली सायकल तुमचीच हे सिद्ध करणं अवघड जातं.

प्रश्न : वारज्याहून हिंजवडी, जवळपास पंधरा किलोमीटर. चांदणी चौकाचा चढ झेपत नाही. ई-सायकलला लायसन्स लागतं का?

मोटर २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत मर्यादित असेल तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. दुकानात 'अनलॉक करून देतो, पस्तीसने पळेल' असं सांगितलं तर नाही म्हणा; तशी सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते आणि तिचे ब्रेकही त्या वेगासाठी नसतात.

बॅटरीचा हिशेब स्वतः करा. समजा बॅटरीवर ३६ व्होल्ट, ७.५ ॲम्पिअर-तास लिहिलं आहे; गुणाकार म्हणजे २७० वॉट-तास. पायडल मारत गेलात तर किलोमीटरला सात ते दहा, नुसता थ्रॉटल पिळून गेलात तर पंधरापर्यंत खर्च होतात. म्हणजे थ्रॉटलवर अठराएक किलोमीटर, पायडलसह तीस. चढ धरून जाऊन-येऊन तीस किलोमीटरला ही बॅटरी काठावर आहे. मोठी घ्या, किंवा काढता येणारी घेऊन ऑफिसात चार्ज करा. पावसात भिजलेली बॅटरी पुसून, तिच्या पिना कोरड्या झाल्यावरच चार्जरला लावा, आणि चढ चढून आल्या आल्या गरम असताना लावू नका. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी भरलेली ठेवा. बायपासच्या मुख्य मार्गिकेवर जाऊ नका, सेवा रस्ता धरा. तो जिथे तुटतो ती ठिकाणं आधी मोटारीतून पाहून ठेवा.

एक चाचणी दुकानातच करा: मोटर बंद ठेवून ती वीसएक किलोंची सायकल जवळच्या एखाद्या चढावर नुसत्या पायांनी चढवून पाहा. बॅटरी बहुधा घरापासून दोन किलोमीटरवरच संपते.